सीटखालचं हळकुंड

आई, तू कशावरही बसायच्या किंवा कुणाला बसू द्यायच्या आधी ते हलवून बघायचीस, ते मला या दिवसांत फार आठवतंय. खुर्ची, पाट, बाज, शिडी, सायकलचं कॅरिअर, लग्नाच्या मांडवातल्या भाड्याच्या खुर्च्या, काहीही असो. आधी दोन्ही हातांनी गदागदा हलवणार, मग पुन्हा एकदा हळू हलवणार, आणि मग म्हणणार, "बस आता." वडिलांना त्याची लाज वाटायची. मी नुकता गणिताचा मास्तर झालो होतो तेव्हा तू एकदा शाळेत आलीस. हेडमास्तरांनी तुला मानाने खुर्ची पुढे केली आणि तू त्यांच्यादेखत ती धरून हलवलीस. ते म्हणाले, सागवानी आहे हो, काही होत नाही. तू म्हणालीस, "सागवानी आसंल की, पर पाय कुणी ठोकल्यात ते मला काय म्हाईत?" स्टाफरूममध्ये वर्षभर ते वाक्य चाललं, आणि सगळ्यांत जास्त मीच चालवलं. त्याबद्दल आज माफी वगैरे मागायची नाही, तू ती मागू दिली नसतीस. मी घाबरलोय म्हणून लिहितोय. कशाला घाबरलोय ते घरात कुणाला सांगता येत नाही, आणि ज्या माणसाला एका शब्दात कळलं असतं ते माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली.

तुझी नात गरोदर आहे. तू गेलीस तेव्हा ती दोन वेण्या घालून बालवाडीत जायची आणि तुझ्या ताटातली कडक भाकरी चोखत बसायची. तिला आता आठवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही बदललेलं नाही, म्हणून गेल्या रविवारी आम्ही दोघं तिला आणायला तिच्या सासरी, वैरागला गेलो. जावई नोकरीसाठी पुण्यात असतात, ते नंतर यायचे होते. निवृत्त झाल्यावर मी एक मोठी गाडी घेतली आहे. सात माणसं बसतात. घरात माणसं दोन. उरलेल्या पाच जागांवर काय भूमितीची पुस्तकं बसवणार का, असं तुझ्या सुनेने विचारलं होतं. या गाडीची मधल्या रांगेतली डावी-उजवी सीट वेगवेगळी पुढे-मागे सरकते. सीटखाली एक लोखंडी दांडी असते, ती वर उचलून धरायची, सीट हवी तिथे न्यायची आणि दांडी सोडायची. खट असा आवाज आला की सीट जागेवर बसली. गाडी विकणाऱ्याने मला ते करून दाखवलं, मग मी घरी आल्यागेल्या प्रत्येकाला करून दाखवलं. तू असतीस तर तो खट आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतंस आणि आधी सीट धरून हलवली असतीस.

वैरागला सगळं रीतीप्रमाणे झालं. जेवणं झाली, विहीणबाईंनी देवापुढे पाट मांडून पोरीची ओटी भरली, शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांचा डबा आमच्या स्वाधीन केला. पोरीला हळूहळू धरून गाडीत बसवलं. डाव्या बाजूला, मधल्या रांगेत, म्हणजे दार उघडलं की थेट उतरता येईल. तिला पाय लांब करता यावेत म्हणून मी तिच्या पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट पार पुढे रेटून ठेवली आणि तुझी सून मागे पोरीशेजारी बसली. आता निघणार, तेवढ्यात शेजारच्या काकू हातात ताट घेऊन धावत आल्या. पोटुशी पोर दारावरून जाते आणि माझी ओटी नको होय, म्हणून त्या रुसायच्याच बाकी होत्या. आता पोरीला पुन्हा कुठे उतरवायचं? तिने गाडीतच ओढणी पसरली आणि काकूंनी बाहेर उभं राहून तांदूळ, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी, सगळं ओंजळीने घातलं. निम्मं ओढणीत पडलं, निम्मं खाली सांडलं. सगळे हसले. काकू म्हणाल्या, "सांडू द्या की, लक्ष्मी गाडीत ऱ्हाईल." मी खाली वाकून दिसले तेवढे तांदूळ वेचले, खोबऱ्याची वाटी सीटखालून काढून दिली. मग पोरीला आणखी जरा जागा मिळावी म्हणून दांडी उचलून तिची सीट मागे सरकवली. काकूंचं बोलणं चालूच होतं. खट आवाज आला की नाही ते मी ऐकलं नाही. आला असेल, असं धरून चाललो.

गाडी मी कशी चालवतो ते तुला माहीत नाही. तुझ्या सुनेच्या मते मला सायकलवालासुद्धा घंटी वाजवून मागे टाकतो. त्या दिवशी तर मी आणखी जपून चाललो होतो. उसाचे दिवस आहेत, रस्त्यावर एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या आणि वर ऊस रचलेला. वैराग मागे पडून बराच वेळ झाला होता, दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. पुढच्या ट्रॉलीतून उसाची एक मोळी घसरून रस्त्यावर आली आणि मी ब्रेक दाबला. मला तर तो ब्रेक साधाच वाटला. पण मागे काहीतरी सर्रकन सरकल्याचा आवाज आला, काहीतरी आदळलं, आणि पोरगी म्हणाली, "बाबा, पाय." गाडी कडेला घेऊन मी मागे वळून पाहिलं. तिची सीट तिच्यासकट पुढे आली होती. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेले, आणि गुडघ्याखालचे दोन्ही पाय पुढच्या सीटच्या आणि तिच्या स्वतःच्या सीटच्या मध्ये दाबले गेलेले. एका हाताने तिने पोट धरलं होतं. मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं, दांडी उचलली आणि सीट मागे ढकलली. सीट हलली नाही. पुढची सीट आणखी पुढे सरकवावी म्हटलं, तर ती मीच आधी शेवटपर्यंत रेटून ठेवलेली. तुझी सून पलीकडून उतरून आली आणि म्हणाली, "अहो, हळू. तिला लागतंय." मी हळूच करत होतो.

ज्वारीत पाखरं राखत बसलेली एक बाई गोफण तशीच हातात घेऊन रस्त्यावर आली. पोरीकडे बघून तिने गोफण खाली टाकली आणि तिचा हात धरून तिथेच उभी राहिली. मी आमच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. रविवार होता, त्याने उचलला नाही. तुझ्या सुनेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी पोटाला मार बसलाय का विचारलं, रक्त जातंय का विचारलं, बाळ हलतंय का विचारलं. पहिल्या दोन्हीला पोरगी नाही म्हणाली. तिसऱ्याला ती थांबली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मघापासून हललं नाहीये, बाबा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच घेऊन या, येताना डाव्या कुशीवर निजवून आणा. आता दोन दाबणाऱ्या सीटच्या मध्ये अडकलेल्या बाईला कुशीवर कसं निजवायचं? आणि तशीच बसवून न्यावं, तर मी पुन्हा ब्रेक दाबला की ती सीट आणखी पुढे येणार, हे मला दिसत होतं. ती बाई म्हणाली, "लेकराला डोळा लागला आसंल वो. गोड पानी पाजा वाईच. घाबरू नगा." तिने पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून पोरीच्या तोंडात घातला. पोरीने तो चघळला, पाणी प्याली, पोटावर हात ठेवून बसली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने मान हलवली. नाही.

आई, त्या रस्त्यावर उभा असताना मी तुझ्या स्वयंपाकघरात गेलो. मी दहावीत आहे, तू खाली बसून उखळात शेंगदाणे कुटते आहेस, मी समोर बसून भाजलेले दाणे उचलून खातोय आणि तू माझ्या हातावर मारते आहेस. आणि मध्येच, वर न बघता, तू म्हणतेस, "तुज्या आदी एक हुती." बाळंतपणाला तुला मोडनिंबला, तुझ्या माहेरी न्यायचं होतं. बैलगाडीत तुला बसायला आडवी फळी टाकली होती. ओढ्यात चाक खाली गेलं आणि फळी सरकली. तू गाडीतच खाली बसलीस. कुठे लागलं नाही, खरचटलं नाही. तू हसलीससुद्धा, गाडीवानाला चार शब्द सुनावलेस, माहेरी पोचून भाकरी खाल्लीस आणि झोपलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला कळलं की पोटात कालपासून काही हललेलं नाही. "आतनं गप झालं," एवढंच तू म्हणालीस. मग उखळातले दाणे काढलेस, तिखट-मीठ घातलंस. थोड्या वेळाने पुढचं सांगितलंस. आजीने, म्हणजे तुझ्या सासूने, फळीला दोष दिला नाही. तू निघायच्या आधी, आढ्याला टांगून ठेवलेला पाळणा तू एकदा झुलवला होतास, करकर वाजतो का ते बघायला. आजीने ते पाहिलं होतं. रिकामा पाळणा हलवला, म्हणून रिकामा राहिला, असं ती तुला मरेपर्यंत ऐकवत राहिली. तू मला हे एकदाच सांगितलंस, नंतर मी विचारलं तर म्हणालीस, अभ्यास कर. मीही कुणाला सांगितलं नाही. तुझ्या सुनेलाही नाही, कारण सांगण्यासारखं त्यात होतं काय? आणि त्या रविवारी ज्वारीच्या कडेला, माझी पोरगी गूळ चघळत बसलेली असताना, ही गोष्ट माहीत असलेला तिथे मी एकटाच होतो.

एक मोटरसायकलवाला थांबला. चांगला माणूस होता. एक हिसका द्या, सुटतंय, असं म्हणून त्याने मला बाजूला केलं आणि सीट धरून मागे जोरात हिसका दिला. पोरगी ओरडली. सीट एक केसभर मागे गेली आणि कुर्रकन आवाज करून होती त्याहून घट्ट बसली. मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो बिचारा म्हणाला, वैरागातून कुणी मिळतंय का बघतो, आणि गाडी वळवून गेला. मग मी चष्मा पुसला, मोबाइलचा दिवा लावला आणि रस्त्यावर पालथा पडून सीटखाली बघायला लागलो. सीट ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवरून सरकते, त्यातली आतल्या बाजूची मोकळी होती. दाराकडच्या पट्टीत तांदूळ दिसले. आणि तांदळाच्या मागे, सीटच्या पायाच्या पाठीमागे, पिवळंधमक काहीतरी रुतून बसलेलं दिसलं. हळकुंड. ओटीतलं हळकुंड त्या खोबणीत पडलं होतं, त्याच्यामुळे वैरागला सीट जागेवर बसलीच नव्हती, नुसती टेकून राहिली होती. ब्रेकसरशी ती पुढे आली आणि हळकुंड तिच्या मागे जाऊन आडवं झालं. म्हणजे सीट मागे ओढावी तितकं ते जास्त रुतत होतं. मोटरसायकलवाल्याच्या हिसक्याने ते आणखी आत गेलं होतं. मी बोट घातलं, पोचलं नाही. मी पालथा पडूनच तुझ्या सुनेला सांगितलं, हळकुंड आहे. ती म्हणाली, "देवा." मग म्हणाली, "काढा की मग."

काढायचं कसं ते मला दिसत होतं आणि म्हणूनच माझा हात पुढे होत नव्हता. हळकुंड सैल व्हायला सीट आधी बोटभर पुढे जायला हवी होती. पुढे म्हणजे पोरीच्या पायांवर. आणि त्या पायांच्या वर, पुढच्या सीटपासून वीतभर अंतरावर, तिचं पोट होतं.

मी लहान असताना आपल्या जुन्या घराच्या खिडकीच्या गजांत माझं डोकं अडकलं होतं, ते तुला आठवत असेल. रस्त्यावर काय चाललंय ते बघायला मी डोकं बाहेर घातलं आणि ते परत आत येईना. कानाशी अडत होतं. काकांनी माझे पाय धरून आत ओढलं, शेजारच्यांनी खांदे धरून ओढलं. मी बोंबलतोय, सगळे ओढताहेत. तू नळावर गेली होतीस. तू आलीस, रस्त्याच्या बाजूने खिडकीपाशी आलीस आणि आतल्यांना म्हणालीस, "सोडा त्येला." मग माझं तोंड दोन्ही हातांत धरलंस आणि मागे ढकलायच्या ऐवजी स्वतःकडे ओढलंस, आणखी बाहेर. मला वाटलं, ही मला मारून टाकणार. थोडं बाहेर आल्यावर तू माझी मान कुशीवर वळवलीस, कान चपटा धरलास आणि मला आत सोडून दिलंस. "अडाकल्यालं ओडायचं न्हाय," तू काकांना म्हणत होतीस. "वाईच म्होरं जाऊ द्यायचं, मग ते सवताच माघारी येतंय." आणि घरात येऊन मला एक सणसणीत थोबाडीत दिलीस. तुझे हात ओले होते आणि थरथरत होते. नळाचं पाणी गार असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी पोरीला सगळं सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता, पाय तिचे होते. आधी पुढे जाईल, दुखेल, मग मागे येईल. तिने विचारलं, "पोटाला लागेल का?" मी म्हणालो, नाही. मला ते माहीत नव्हतं. तुझ्या सुनेने ओटीतला खण आणि स्वतःची शाल घडी करून पोरीच्या नडग्यांच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सारली. गोफणवाली बाई पलीकडून आत शिरून पोरीशेजारी बसली आणि तिने आपले दोन्ही हात पोरीच्या पोटाच्या पुढे आडवे धरले, कुणी न सांगता. तुझ्या सुनेने केसांतला आकडा काढून सरळ केला आणि ती खाली रस्त्यावर बसली. मी दांडी उचलून धरली. आणि आई, मला ढकलता येईना. मी नुसता धरून उभा. माझ्या डोळ्यांपुढे ती फळी. शेवटी पोरगीच म्हणाली, "बाबा, ढकला." मी ढकललं. ती ओरडली नाही, तिने त्या बाईच्या दंडात नखं रुतवली. खाली तुझी सून म्हणाली, अजून जरा. मी अजून जरा ढकललं. मग आकडा खरवडल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "आलं." मी आणि ती दोघांनी सीटच्या दोन्ही कडा धरून, एका वेळी, सरळ मागे लोटलं. सीट गेली. दांडी सोडली आणि खट आवाज आला. मी तेवढ्यावर भागवलं नाही. पोरगी बसलेली असतानाच सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. मग पुन्हा एकदा हळू. तुझी सून माझ्याकडे बघत राहिली.

त्या बाईला मी धड काही बोललोही नाही. दंडावर नखांचे वळ घेऊन ती ज्वारीत परत गेली. पोरीला डाव्या कुशीवर निजवलं, डोकं तुझ्या सुनेच्या मांडीवर, आणि मी सोलापूरला आलो. रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. आरशात मला फक्त तुझ्या सुनेचं तोंड दिसत होतं. मी दर थोड्या वेळाने विचारायचो, हललं का? ती मान हलवायची. मग मी विचारायचं बंद केलं, कारण ती मान हलवताना बघणं मला झेपेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पोटावर यंत्र लावलं आणि शोधायला लागल्या. इकडे लावलं, तिकडे लावलं. खोलीत आवाज नाही. आपल्या गल्लीत वीज गेली की सगळे यंत्रमाग एकदम बंद पडायचे आणि कान रिकामे व्हायचे, तसं झालं. मग एकाएकी सुरू झालं. खटखट, खटखट, भराभर, माग चालू झाल्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान आहे. पोरगी रडायला लागली, तुझी सून रडायला लागली. मी भिंतीला धरून उभा राहिलो. आधी भिंत हलवून बघितली की नाही, ते आठवत नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवून घेतलं, आणि त्या दरम्यान बाळ हललं. पोरीने माझा हात ओढून पोटावर ठेवला. माझ्या हाताला काही जाणवलं नाही, पण मी हो म्हणालो.

आता सगळं ठीक आहे. पायांवर निळे डाग आहेत, ते पिवळे पडत चाललेत. मोटरसायकलवाल्याने खरंच एक मेकॅनिक आणला होता, तो रिकाम्या रस्त्यावरून परत गेला, असं विहीणबाईंकडून कळलं. हळकुंड तुझ्या सुनेने देवघरात ठेवलंय. एका बाजूने चेपलंय, पण ओटीतलं आहे, टाकवत नाही. गाडी मी गॅरेजमध्ये नेऊन दोन्ही पट्ट्या साफ करून घेतल्या, गॅरेजवाला म्हणाला, तांदूळ बराच निघाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की काही काळजी नाही, फक्त हालचालीवर लक्ष ठेवा. दुपारी जेवून पोरगी डाव्या कुशीवर निजते आणि बाळ हलायची वाट बघते. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसतो. हललं की ती आतून सांगते, हललं हो, बाबा. मग मी पेपरचं पान उलटतो. दोघी मला हसतात. बाबा फार घाबरट झालेत, म्हणतात. त्यांच्या दृष्टीने ते संपलेलं आहे. त्यांना हे माहीत नाही की तूही त्या दिवशी हसली होतीस. फळी सरकल्यावर हसलीस, माहेरी पोचून भाकरी खाल्लीस. यंत्रातला आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय, आणि तरी रोज दुपारी पोरगी आतून बोलेपर्यंत मी तुझ्या त्या दुसऱ्या दिवसात बसलेला असतो. तू सगळा जन्म तिथेच बसून होतीस का? आम्ही तुला हसत होतो तेव्हा?

तू सगळं हलवून बघायचीस, फक्त पाळणा सोडून. हे मला परवा लक्षात आलं. माझ्या पोरीच्या बारशाला तू पाळण्यापासून लांब, दाराशी उभी होतीस. सगळ्या बायका पाळण्याभोवती आणि तू दाराशी. मला जवळ बोलावून हळूच म्हणालीस, "तू बग की वर कडी घट हाय का." मी वर नजर टाकली आणि म्हणालो, घट्ट आहे. नुसती नजर टाकली. तू मान डोलावलीस, आणि बाळ पाळण्यात असेपर्यंत त्या कडीकडे बघत उभी राहिलीस.

तोच पाळणा काल मी माळ्यावरून काढला. जन्माच्या आधी काढू नये म्हणतात, पण धुवायला, पॉलिशला वेळ लागतो, असं कारण सांगितलं. तुझ्या सुनेने कपाळाला आठ्या घातल्या आणि बजावलं, काढा, पण टांगू नका, आणि हलवू तर अजिबात नका. तिला आजीची गोष्ट माहीत नाही. हे तिला तिच्या घरून माहीत आहे, सगळ्यांनाच असतं. आज दुपारी त्या दोघी निजल्यावर मी पाळणा मधल्या खोलीतल्या कडीला टांगला. जन्मभर मी पोरांना शिकवलं की एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणजे पहिलीमुळे घडली असं होत नाही. फळी सरकली म्हणून सरकली, पाळण्याचा त्यात काही संबंध नाही, हे मी फळ्यावर मांडून दाखवू शकतो. तुला कुणी तेव्हा मांडून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मग मी पाळणा धरला आणि गदागदा हलवला. रिकामाच. पुन्हा एकदा हळू हलवला. कडी घट्ट आहे, आई. या वेळी हलवून सांगतोय. पण हलवायच्या आधी मी खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं, आणि आता हे लिहितोय तरी कान आतल्या खोलीकडे आहेत. पोरीने अजून हाक मारलेली नाही.